बॅकअपमधला मेल सर्व्हर नव्या ओएसवर: अल्मालिनक्स, उबुंटू, डेबियन की फ्रीबीएसडी?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमचे (ओएसचे) सुरक्षा-अपडेट थांबले. त्यावर उभारलेले मेल सर्व्हर मात्र पुष्कळ पतसंस्थांत, कॉलेजांत आणि छोट्या कारखान्यांत अजून चालू आहेत. आठ-दहा वर्षांपूर्वी कुणीतरी मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स आणि ते साठवून वाचायला देणारं डव्हकॉट बसवून दिलं, मारियाडीबी या डेटाबेसमध्ये युजर भरले, वर ब्राउझरमधून मेल वाचायला राउंडक्यूब टाकलं, आणि ते इतकं नीट चाललं की पुन्हा हात लावायची वेळच आली नाही. मग डिस्क जाते किंवा ऑडिटर बोट ठेवतो. हातात बॅकअप असतो, पण तो ज्या ओएसचा आहे तीच परत बसवावी असं आता कुणी सांगणार नाही. सेंटओएस ७ ची पॅकेजेसही नेहमीच्या मिररवरून (डाउनलोड सर्व्हरवरून) उठून जुन्या संग्रहात गेली आहेत.

तेव्हा प्रश्न असा पडतो: हा बॅकअप कोणत्या ओएसवर उतरवायचा? हा आढावा अशा निर्णयापाशी उभ्या असलेल्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. ओएसच्या नावापेक्षा तिच्यासोबत डव्हकॉटची कोणती आवृत्ती येते ते पाहा. बाकीचे बहुतेक फरक एका दुपारीत निस्तरतात, आवृत्तीची उडी निस्तरत नाही.

बॅकअपमधलं काय न्यायचं, काय नाही

ओएस बदलते तेव्हा सगळा सर्व्हर जसाच्या तसा परत येत नाही. येतो तो फक्त डेटा: मेलच्या फायली, डेटाबेसचा डंप, डीकिमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) किल्ल्या, प्रमाणपत्रं, सीव्ह फिल्टर (आलेले मेल आपोआप लावणारे नियम). सेटिंगच्या फायली समोर ठेवून वाचायच्या, नव्या जागी आंधळेपणाने चिकटवायच्या नाहीत.

यात सगळ्यात मोलाची फाईल सहसा दुर्लक्षित राहते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही वेगळी फाईल असते आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डव्हकॉट-युआयडीलिस्ट नावाची एक छोटी फाईल असते. कोणत्या मेलला कोणता क्रमांक दिला आहे याची नोंद तिच्यात राहते. ती हरवली तर मेल सगळे सुखरूप असूनही डव्हकॉट नव्याने क्रमांक देतं, आणि प्रत्येकाचं आउटलुक, थंडरबर्ड, फोन सगळं नव्याने उतरवून घेतात. पीओपी (मेल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत) वापरणाऱ्यांचं अधिक वाईट होतं. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण करून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या अकाउंट विभागाच्या इनबॉक्समध्ये सगळे जुने मेल दुसऱ्यांदा येऊन पडतात. म्हणून बॅकअप घेताना ‘इंडेक्स नकोत, ते पुन्हा बनतात’ असं म्हणून डव्हकॉटने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली वगळल्या असतील, तर आधी तेवढं तपासा. इंडेक्स आणि कॅश खरंच पुन्हा बनतात, युआयडीलिस्ट नाही. लेबलांची नावं ठेवणारी कीवर्ड्सची फाईल आणि सबस्क्रिप्शन्सची फाईलही न्यायची.

मेलडिर नसून एमडीबॉक्स (एका फाईलमध्ये अनेक मेल ठेवणारी पद्धत) असेल तर नियम उलटा होतो. तिथे वाचलं-न वाचलंच्या खुणा इंडेक्समध्येच राहतात, त्यामुळे इंडेक्ससुद्धा डेटाच समजायचा आणि काहीही वगळायचं नाही.

आणखी एक सापळा बॅकअप कशावर ठेवला आहे त्याचा. मेलडिरच्या फायलींच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन असतो आणि त्याच्या पुढच्या अक्षरांत वाचलं, उत्तर दिलं, तारांकित केलं या खुणा असतात. विंडोजच्या शेअरवर किंवा एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर कोलन चालत नाही. अशा जागी फायली सुट्या कॉपी केल्या असतील तर काही नावं बदललेली असतात, काही फायली गेलेल्याच नसतात. टारने सगळं बांधून एकच फाईल ठेवली असेल तर काळजी नाही. मेलची संख्या जुळते का हे नवी ओएस निवडण्याआधीच बघून घ्या.

डेटाबेस डंपमधूनच भरायचा. मारियाडीबीची डेटा डिरेक्टरी ५.५ वरून थेट १०.५ किंवा ११.८ वर टाकू नका. डंपमधलाही फक्त आपला डेटाबेस घ्या. मारियाडीबीचा स्वतःचा सिस्टीम डेटाबेस सोडून द्या आणि तिथले युजर नव्याने तयार करा.

आवृत्त्या समोरासमोर

सेंटओएस ७ मध्ये पोस्टफिक्स २.१० आणि डव्हकॉट २.२ होतं. समोर काय आहे ते असं:

| | अल्मा / रॉकी ९ | उबुंटू २४.०४ | डेबियन १३ |
|---|---|---|---|
| डव्हकॉट | २.३.१६ | २.३.२१ | २.४.१ |
| पोस्टफिक्स | ३.५ | ३.८ | ३.१० |
| मारियाडीबी | १०.५ | १०.११ | ११.८ |
| अपडेट कधीपर्यंत | मे २०३२ | २०२९ | २०२८, एलटीएस (वाढीव मुदत) धरून २०३० |

पोस्टफिक्सची फार चिंता नको. जुनी सेटिंग दिली तर ते जुन्या सवयी सांभाळून चालतं आणि कुठे सवय सांभाळली ते लॉगमध्ये सांगतं. डव्हकॉटचं तसं नाही. २.२ वरून २.३ ला येताना टीएलएसच्या (जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) काही ओळी बदलतात, आणि डव्हकॉटचं सेटिंग दाखवणारं स्वतःचं साधन बऱ्याच जुन्या ओळी ओळखून नव्या रूपात छापून देतं. संध्याकाळपर्यंत काम होतं.

२.४ जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि तिथे सेटिंगची भाषाच बदलली. फाईलच्या सुरुवातीला आवृत्ती लिहावी लागते. मेल कुठे आहे हे सांगणारी जुनी एक ओळ जाऊन ड्रायव्हर आणि पाथ असे दोन भाग झाले. एसक्यूएलची वेगळी फाईल गेली, ते सगळं मुख्य सेटिंगमध्ये आलं. युजरनेम आणि डोमेनसाठीची एका अक्षराची जुनी चिन्हं गेली. कमकुवत समजल्या जाणाऱ्या पासवर्ड-पद्धती मुळात बंद असतात आणि हव्या असतील तर जाणीवपूर्वक चालू कराव्या लागतात. जुन्या डेटाबेसमध्ये दहा वर्षांपूर्वीचे हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) असतील तर हे पहिल्याच लॉगिनला कळतं. दोन सर्व्हर एकसारखे ठेवणारं रेप्लिकेशनही २.४ मध्ये काढून टाकलं आहे. जुनी फाईल रूपांतरित करून मिळत नाही, कागद समोर घेऊन नव्याने लिहावी लागते.

हे बदल वाईट आहेत असं मी म्हणत नाही. नवी भाषा अधिक स्वच्छ आहे. पण सर्व्हर बंद आहे, फोन वाजतायत, आणि त्याच रात्री तुम्ही नवी भाषा शिकताय, असा प्रसंग स्वतःवर आणू नका.

अल्मालिनक्स किंवा रॉकी ९: घर तेच, कुलूप नवं

सेंटओएसवरून येणाऱ्याला इथे सगळ्यात कमी गोष्टी बदललेल्या दिसतात. फायलींच्या जागा त्याच, पोस्टफिक्सचा प्रोग्राम ज्या डिरेक्टरीत असतो ती तीच, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट यांचे युजर आयडीही ठरलेले ८९ आणि ९७. मेल लॉगचं नावही ओळखीचं. अल्मा घ्यायचं की रॉकी यात मेल सर्व्हरच्या दृष्टीने निवडण्यासारखं काही नाही. दोन्हींमागे रेड हॅट ९ आहे.

त्रास देतं ते एसई-लिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फायलींना हात लावायचा हे ठरवणारी सुरक्षा-व्यवस्था. सेंटओएस ७ वर पुष्कळांनी ते बंद करून ठेवलेलं असतं, नव्या मशीनवर ते चालू असतं. होमखाली किंवा व्हारखाली स्वतः बनवलेल्या व्हीमेल डिरेक्टरीत फायली उतरवल्या, मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, तरी डव्हकॉट ‘परवानगी नाही’ म्हणतं. अशा वेळी ऑडिट लॉग वाचा. त्या डिरेक्टरीला मेल-स्पूलचं लेबल कायमचं नोंदवून रिस्टोरकॉन (लेबलं लावणारी कमांड) एकदा चालवलं की प्रश्न मिटतो. ते बंद करून टाकायचा मोह होईल, पण करू नका. इंटरनेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या सर्व्हरला ही एक जास्तीची भिंत आहे आणि ती फुकट मिळते आहे.

ओपनडीकिम (डीकिमची सही करणारं), फेल-टू-बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारं), क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारं) यांसाठी एपेल हे जादा पॅकेजेसचं भांडार जोडावं लागतं. फायरवॉल सुरुवातीपासून चालू असते, तेव्हा मेलचे पोर्ट उघडायचे लक्षात ठेवा.

मग थेट १० का नाही? नवं मशीन घेत असाल तर विचार करा. पण रेड हॅट १० ला हॅसवेल पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि अशा कार्यालयांतलं हार्डवेअर बरेचदा त्याहून जुनं असतं. अल्माने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, रॉकीने नाही. शिवाय १० मध्ये बर्कली डीबी (पोस्टफिक्सचे तक्ते ठेवणारी जुनी पद्धत) गेलं आहे, त्यामुळे पोस्टफिक्सच्या सेटिंगमधल्या ‘हॅश’ प्रकारच्या सगळ्या ओळी बदलाव्या लागतात.

उबुंटू आणि डेबियन: वाट वेगळी, भांडार मोठं

इथलं मोठं सुख म्हणजे लागणारं जवळजवळ सगळं एकाच ठिकाणी मिळतं. राउंडक्यूब, ओपनडीकिम, आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं), फेल-टू-बॅन यांसाठी बाहेरचं भांडार जोडायची गरज पडत नाही. पॅकेजेस मात्र तुकड्यांत असतात. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) वेगळं, एलएमटीपी (पोस्टफिक्सकडून मेल डव्हकॉटकडे घेणारं) वेगळं, सीव्ह वेगळं, मायएसक्यूएलशी (मारियाडीबी त्याच कुळातली) जोडणारं वेगळं. एक राहिलं की डव्हकॉट सुरू होतं पण नेमकं तेवढंच काम करत नाही.

सेंटओएसची पोस्टफिक्स सेटिंग इथे उचलून टाकली की ते सुरूच होत नाही, कारण तिच्यात प्रोग्रामची जुनी डिरेक्टरी लिहिलेली असते. डेबियन कुटुंबात ती दुसरीकडे आहे. मुख्य फाईलमधल्या फक्त आपण स्वतः बदललेल्या ओळी वेचून न्या. दुसरी, सेवांची यादी असलेली मास्टर फाईल तर नेऊच नका.

या मास्टर फाईलमध्येच आणखी एक फरक दडलेला आहे आणि तो शोधण्यात माणसं तास घालवतात. उबुंटू २४.०४ वर पोस्टफिक्सच्या बऱ्याच सेवा क्रूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या छोट्या बंदिस्त डिरेक्टरीत चालतात. सेंटओएसवर तसं नव्हतं. मायएसक्यूएलच्या लुकअपमध्ये (डेटाबेसमधून युजर शोधायच्या सेटिंगमध्ये) ‘लोकलहोस्ट’ लिहिलं असेल तर ते सॉकेट फाईल शोधतं, आणि ती बंदिस्त जागेत नसते. हातानं चाचणी केली की लुकअप उत्तर देतो, प्रत्यक्ष मेल आला की ‘तात्पुरती चूक’ येते. उपाय सोपा आहे: नावाऐवजी १२७.०.०.१ लिहा, किंवा प्रॉक्सी लुकअप वापरा.

युजर आयडीही इथे ठरलेले नसतात. फायली उतरवण्याआधी व्हीमेल नावाचा युजर जुन्याच क्रमांकाने तयार करा, आणि आरसिंक किंवा टारला मालकी नावाने न जुळवता क्रमांकाने ठेवायला सांगा. तो जुना क्रमांक ५०० च्या खालचा असेल तर डव्हकॉटमधली किमान आयडीची मर्यादाही खाली आणावी लागते.

या दोघांत उबुंटू २४.०४ की डेबियन १३? बॅकअपमधून उठवायचं असेल तर उबुंटू, कारण डव्हकॉट २.३ आहे. डेबियन १३ त्यांनी घ्यावं ज्यांच्या हातात शांत आठवडे आहेत आणि ज्यांना सेटिंग एकदाची स्वच्छ लिहून काढायची आहे. डेबियनवर आणखी एक ध्यानात ठेवा: आवृत्ती १२ पासून आरसिसलॉग (लॉग फायलींत लिहिणारं) आपोआप बसत नाही. मेल लॉगची फाईल नसते, सगळं जर्नलमध्ये जातं. ती फाईल वाचणारं फेल-टू-बॅन आणि रोजचा अहवाल बनवणारी स्क्रिप्ट दोन्ही मुकी होतात.

फ्रीबीएसडी

जिथे आधीपासून फ्रीबीएसडी चालवणारं माणूस आहे तिथेच. झेडएफएस या फाईलसिस्टीमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या प्रती) मेल सर्व्हरसाठी सोन्यासारखे आहेत, आणि जेलमध्ये (बंदिस्त कप्प्यात) मेल वेगळा ठेवता येतो. मेलडिर तिथे विनातक्रार चालतो. पण सेटिंग सगळी युझर-लोकलखाली जाते, आणि बॅकअप जर सेंटओएसच्या डिस्कची इमेज असेल तर तिच्यातली एक्सएफएस फाईलसिस्टीम फ्रीबीएसडीच्या कर्नेलला वाचता येत नाही. आधी लिनक्सवर उघडा, मग टार करून न्या.

फायली कॉपी करायच्या की आयमॅपवरून ओढायच्या?

दोन्हीकडे डव्हकॉट आणि मेलडिर असेल तर फायली थेट उतरवा. वेग, क्रमांक, खुणा सगळं टिकतं.

मेल साठवायची पद्धत बदलायची असेल, समजा एमडीबॉक्सवरून मेलडिर, तर डव्हकॉटचं स्वतःचं डीसिंक वापरा. त्याला जुनं डव्हकॉट जिवंत लागतं, पण त्यासाठी जुनं मशीन लागत नाही: सेंटओएस ७ चा कंटेनर (नव्या मशीनवरच चालणारा वेगळा कप्पा) उभा करा, बॅकअप त्यात जोडा, बाहेरच्या जगाशी संबंध ठेवू नका, आणि तिथून नव्या सर्व्हरकडे पाठवा. डीसिंक मेलचे क्रमांकही जपतं. आयमॅपसिंक हे कोणत्याही दोन सर्व्हरमध्ये चालतं, हा त्याचा मोठा गुण. विंडोजवरच्या एखाद्या मेल सर्व्हरकडे जायचं तर तोच मार्ग. पण क्रमांक बदलतात, म्हणजे वर सांगितलेली दुसऱ्यांदा मेल येण्याची पाळी ठरलेली.

जोडायच्या रात्री

घाई करायचं कारण नाही. पाठवणाऱ्यांचे सर्व्हर मेल पोचला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्स मुळात ५ दिवस करतं. बंद सर्व्हरपेक्षा अर्धवट चालू सर्व्हर जास्त नुकसान करतो. युजरची यादी अजून भरली नाही आणि पोर्ट २५ (सर्व्हर-सर्व्हरमध्ये मेल येण्या-जाण्याचं दार) उघडा आहे, तर येणारा प्रत्येक मेल ‘असा युजर नाही’ म्हणून कायमचा परत जातो आणि पाठवणारा पुन्हा प्रयत्न करत नाही. पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स नावाची एक सेटिंग आहे, ती कायमच्या नकाराला तात्पुरता नकार बनवते. पहिले दोन दिवस ती चालू ठेवा, मग आठवणीने बंद करा.

बॅकअपमधली पोस्टफिक्सची रांग परत आणू नका. ती त्या दिवशीची आहे. त्यातले मेल नंतर जुन्या सर्व्हरने पोचवून टाकलेले असतात आणि ते ग्राहकांना पुन्हा जातील. जुनी डिस्क अजून वाचता येत असेल आणि ताजी रांग मिळाली तरच ती घ्या, आणि पोस्टफिक्सच्या पोस्टसुपर कमांडने तिची रचना दुरुस्त करून मग पोस्टफिक्स सुरू करा, कारण रांगेतल्या फायलींची नावं जुन्या डिस्कच्या आयनोडवरून (फाईलच्या अंतर्गत क्रमांकावरून) पडलेली असतात.

डीकिमची किल्ली जुनीच आणली तर डीएनएसला (डोमेनच्या जाहीर नोंदींना) हात लावावा लागत नाही. आयपी बदलला असेल तर एसपीएफ (आपल्या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर पाठवू शकतो याची नोंद) आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) आधी दुरुस्त करा. क्लाउडवर मशीन घेत असाल तर बाहेर जाणारा पोर्ट २५ उघडून मिळतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

स्कॅनर आणि झेरॉक्स मशीनं हा शेवटचा अडथळा. ‘स्कॅन करून मेल कर’ वापरणारी जुनी यंत्रं टीएलएस १.० च्या पुढचं बोलत नाहीत, आणि वरच्या तक्त्यातल्या तिन्ही ओएस त्यांना मुळातच नकार देतात. यात कुणी डावं-उजवं नाही. सगळ्या सर्व्हरची सुरक्षा त्यांच्यासाठी उतरवू नका. कार्यालयातल्या नेटवर्कमधल्या त्या यंत्रांचेच पत्ते विश्वासातले म्हणून नोंदवा आणि त्यांना टीएलएसशिवाय पाठवू द्या.

झिंब्रा असेल तर

झिंब्राला (मेल, कॅलेंडर, संपर्क एकत्र देणाऱ्या तयार सॉफ्टवेअरला) वरचं फारसं लागू नाही. त्याचं सगळं, स्वतःचं पोस्टफिक्स, मारियाडीबी आणि एलडॅप (खात्यांची यादी) सुद्धा, एकाच डिरेक्टरीत असतं, आणि ते प्रोग्राम त्या त्या ओएससाठी बांधलेले असतात. सेंटओएसची ती डिरेक्टरी उबुंटूवर टाकून चालत नाही. पूर्ण डिरेक्टरी परत आणायची तर नव्या ओएसवर नेमकी तीच आवृत्ती, त्याच होस्टनेमने बसवावी लागते आणि डेटा आणल्यावर इन्स्टॉलर पुन्हा चालवावा लागतो. अडचण अशी की मोफत बांधून मिळणारी शेवटची आवृत्ती ८.८.१५, तिचा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, आणि ती ज्या उबुंटू २०.०४ वर चालते त्याचे नेहमीचे अपडेटही २०२५ मध्ये थांबले. म्हणजे हा मुक्काम नव्हे, पूल आहे. तो बाहेरून बंद ठेवून उभा करा, प्रत्येक खात्याची टीजीझेड (त्या खात्याचं सगळं बांधलेली एक फाईल) काढा, आणि पुढे परवान्याचं झिंब्रा १० घ्यायचं की पोस्टफिक्स-डव्हकॉटकडे यायचं ते ठरवा. दुसरं निवडलं तर कॅलेंडर आणि संपर्क वेगळे काढून घ्यावे लागतील. फक्त आयमॅपवरून ओढलंत तर ते मागेच राहतात.

मी काय निवडेन

सर्व्हर आज बंद पडला आहे आणि सेंटओएसची सवय आहे: अल्मा ९. हात ॲप्टवर (उबुंटू-डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनावर) बसलेला आहे: उबुंटू २४.०४. सर्व्हर चालू आहे, वेळ आहे आणि पुढची काही वर्षं तुम्हीच तो सांभाळणार आहात: डेबियन १३, पण दोन टप्प्यांत. आधी कंटेनरमध्ये २.४ ची सेटिंग लिहून बॅकअपच्या प्रतीवर चालवून बघा, चार-पाच खात्यांची लॉगिन आणि फिल्टर तपासा, मगच खरा डेटा न्या.

जुन्या डिस्कवरचे मेल लॉग मात्र कोणत्याही वाटेने गेलात तरी काढून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्यांना आणि संस्थांना १८० दिवसांचे लॉग सांभाळावे लागतात, आणि ओएस बदलली म्हणून त्यातून सूट मिळत नाही.